हिरोच्या वडिलांची बायको

त्या काळच्या पिक्चरमध्ये बाप फार टिकायचा नाही. सुरुवातीच्या पाट्या संपतायत न संपतायत तोच तो दोनदा खोकायचा, मुलाचा हात बायकोच्या हातात द्यायचा आणि भिंतीवर जायचा. पुढचे तीन तास त्याचं काम तिथूनच. बायकोने रडायचं ते त्या तसबिरीसमोर, मुलाने शपथ घ्यायची ती तसबिरीसमोर, आणि मुलगा बिघडला की वारा सुटून तसबीर वाकडी व्हायची. बाप जिवंत ठेवला तर लेखकाचीच पंचाईत. मग त्याला दारू पाजावी लागायची, नाहीतर लहानपणी जत्रेत हरवलेल्या मुलाला शेवटच्या रिळात ताइतावरून ओळखायला लावावं लागायचं. त्यापेक्षा हार घातला की प्रश्न मिटला.

आमच्या चाळीतले बाप मात्र खाटेवर असायचे. अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेला आमची पाच खोल्यांची बैठी चाळ होती. संध्याकाळी ऑफिसातून आलेले बाप बनियनवर खाटेवर बसायचे, चहा मागायचे, पोरांना दोन धपाटे घालायचे आणि पेपर वाचायचे. त्यामुळे लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की बाप दोनच प्रकारचे, भिंतीवरचे आणि खाटेवरचे. आमच्या घरात ना भिंतीवर कोणी होतं ना खाटेवर.

मी सहा वर्षांची असताना बाबा सकाळी ऑफिसला म्हणून गेले ते आलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. आईने दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आली. तिथे कळलं की बाबांनी महिन्यापूर्वीच रीतसर राजीनामा दिला होता. म्हणजे महिनाभर ते रोज डबा घेऊन कुठे जात होते देव जाणे. आई घरी आली आणि शेजारीपाजारी विचारायला लागले तेव्हा म्हणाली, "फिरतीवर गेलेत." चार वर्षं ती हेच सांगत होती. एवढी मोठी फिरती लाटसाहेबाचीसुद्धा नसेल, पण आईसमोर हे म्हणायची कोणाची टाप नव्हती. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची आणि चाळीतली निम्मी पोरं तिच्याच वर्गात होती.

सिनेमातल्या एकट्या आईकडे शिवणाचं मशीन असतं. आमच्या आईला बटण लावता येत नव्हतं. ती रडायचीही नाही. सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून रुपयाएवढं कुंकू लावायची आणि शाळेत जायची. कुंकू लावताना कोणी मध्ये बोललेलं तिला खपायचं नाही.

आमच्या शेजारी मालवणकडची एक काकू राहायची. नवरा गिरणीत, स्वतः मनाने सोन्यासारखी आणि तोंडाने फाटकी. पिक्चरचं तिला भयंकर वेड. एका शुक्रवारी ती दुपारचा खेळ बघून आली ती तडक आमच्या दारात येऊन उभी राहिली. आई वह्या तपासत होती. काकू आईच्या कपाळाकडे बघत होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकू गप्प आहे म्हटल्यावर मीच घाबरले.

शेवटी ती म्हणाली, "गो बाये, तुझ्या घोवाच्या फोटोक हार घातलेलो आसा गो!"

"कुठे?" आईने विचारलं.

"पिक्चरात! हिरोचो बापूस तो! मी माझ्या डोळ्यांनी बघलंय!"

आईने लाल शाईचा टाक खाली ठेवला. "भलतंच काहीतरी," ती म्हणाली. पण त्या वहीवर शाईचा मोठा डाग पडला होता.

शनिवारी अख्खी चाळ तो पिक्चर बघून आली. सगळ्यांचं एकमत झालं, बाबाच ते. मग ओट्यावर जी सभा बसली तिचा विषय होता आईचं कुंकू. चंदनाचा हार घातलेला नवरा हजार लोकांनी बघितला, तर आता तिने कुंकू लावावं की लावू नये? एकजण म्हणाली, फोटो उगाच कोण देतं, काहीतरी झालं असेल म्हणूनच लोकांच्या हातात पडला असणार. दुसरी म्हणाली, बारा वर्षं पत्ता लागला नाही तरच माणूस गेला असं धरतात, हिची तर आत्ता कुठे चार झालीत, अजून आठ वर्षं बिनघोर लावू दे. कोपऱ्यातल्या खोलीत एक भटजी राहायचे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात सिनेमाबद्दल काही नाही, स्वतः बघितल्याशिवाय मत देता येणार नाही. ते गेले, बघून आले, आणि इंटरव्हलनंतरच्या हिरोच्या आईच्या मरणाला इतके रडले की तसबीर नीट बघायची राहूनच गेली म्हणाले.

हे सगळं चाललं होतं आमच्या दारापासून चार हातांवर. मला रागही येत होता आणि खोटं कशाला बोलू, थोडा भावही चढला होता. शाळेत माझ्या बापाबद्दल खवचटपणे विचारणाऱ्या पोरींना आता मी सांगू शकत होते की तो हिरोचा बाप आहे. मेलेला का होईना.

रविवारी आई म्हणाली, "चल, वेणी घाल."

तीनच्या खेळाला आम्ही पुढच्या बाकांवर बसलो. पाचव्या मिनिटाला बाबा आले. पडद्यावर एवढे मोठे बाबा मी कधी बघितले नव्हते. घरात ते तसे लहानखुरेच होते. खाली उदबत्ती, वर हार, आणि हिरोची आई पदराने काच पुसत म्हणत होती की तुमच्यासारखा देवमाणूस होणे नाही. तो बाप शाळामास्तर होता, गरिबांना फुकट शिकवायचा, आणि कोणाच्या तरी मुलाला वाचवताना नदीत बुडून गेला होता. मला हिरोचा असा संताप आला! आमच्याकडे असताना या माणसाने मला कधी पाढेसुद्धा विचारले नाहीत, आणि इथे परक्याच्या पोरासाठी नदीत उडी?

बाबा एकूण चार वेळा दिसले. तिसऱ्या वेळेला कॅमेरा अगदी जवळ गेला आणि आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"हा कोट त्यांचा नाही," ती म्हणाली.

"हं."

"केस बघ. कानाजवळचे केस बघ."

मी बघितले. पांढरे होते.

"गेले तेव्हा एक केस पिकला नव्हता," आई म्हणाली. "हा फोटो नंतरचा आहे." आणि मग एकदम मोठ्याने, "अगं, जिवंत आहेत!"

मागून कोणीतरी "ए बाई, गप की!" म्हणून ओरडलं. पडद्यावर हिरोची आई तसबिरीवर डोकं आपटत होती, अख्खं थिएटर हुंदके देत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून हसत होतो. तेवढा आनंद मला पुढे माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही. आता बाबांना शोधायचं आणि घरी आणायचं, बस्स. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काहीही नव्हतं, आणि आईच्याही नव्हतं, हे तिच्या चालीवरून कळत होतं. घरी जाताना मला तिच्यामागे पळावं लागलं.

पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्या आई पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. त्यातल्या एका पाटीवर स्टुडिओचं नाव होतं. स्टुडिओ आमच्याच अंधेरीत निघाला, फक्त पूर्वेला. रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही कधी पलीकडे जातच नसू. शाळा, बाजार, रेशन, डॉक्टर, सगळं पश्चिमेला. पूर्वेला तबेले आणि गवत, तिकडे कोण मरायला जाणार?

पुढच्या शनिवारी शाळा अर्धी होती. आईने इस्त्रीची साडी नेसली, मला नवा फ्रॉक घातला आणि आम्ही फाटक ओलांडलं. स्टुडिओच्या दारावर एक आडदांड भय्या बसला होता.

"किससे मिलना है?"

आईचं हिंदी शाळेच्या पुस्तकातलं होतं आणि तेही तिसरीच्या. ती सरळ म्हणाली, "हम हीरो के पिताजी की पत्नी है."

भय्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आईचा रोल करणारी नवी बाई असणार असं समजून उठून सलाम केला आणि दार उघडलं. आत जाताना आई माझ्या कानात म्हणाली, "मी एक अक्षर खोटं बोललेले नाही हं."

विचारत विचारत आम्ही सामानाच्या गोदामात पोचलो. तिथे सगळा संसार होता. पाळणे, देव्हारे, बंदुका, कंदील, राजाची सिंहासनं, खोटे नारळ. या सगळ्याचा कारभार एका म्हाताऱ्याकडे होता. कपाळाला गंध, डोळ्याला जाड भिंगं, रत्नागिरीकडचा माणूस. आईने पिक्चरचं नाव सांगितलं आणि तसबीर विचारली. त्याने मागच्या फळीवरून ती काढून फडक्याने पुसली. हार अजून तसाच होता.

"झकास फोटो आहे," तो म्हणाला. "बापाच्या कामाला असा चेहरा मिळत नाही. तीन पिक्चरमध्ये लावलाय, त्यातले दोन अजून लागायचेत."

"हे कोण?"

"आमच्याच रंगखात्यातले आहेत. पाट्या लिहितात. कोर्ट, हॉस्पिटल, पोलीस ठाणं. मोत्यासारखं अक्षर."

"त्यांचाच फोटो का घेतलात?"

म्हातारा तसबिरीच्या चौकटीवर टकटक करत म्हणाला, "त्याचं काय आहे बाई, जित्या माणसाच्या फोटोला हार घालू देतं कोण? एक्स्ट्रा लोक पडद्यावर खुशाल मरतात, गोळी खातात, पण फोटोला हार म्हटला की पळून जातात. मागे एकदा एका सुताराचा फोटो लावला, तर त्याची बायको कडेवर पोर घेऊन सेटवर आली आणि माझ्या नावाने बोटं मोडून गेली. तेव्हापासून माझा नेम आहे. ज्याच्या घरी कुंकवाची बाई आहे त्याला मी हार घालत नाही. आधी विचारतो, मगच फोटो काढतो. यांनाही विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. घरी बायको आहे का? नाही म्हणाले. मूलबाळ? नाही म्हणाले. मागे कोणीच नाही, खुशाल घाला हार, असं म्हणाले."

एवढं बोलून त्याने भिंगं नाकावर सारखी केली आणि त्याला पहिल्यांदा आईचं कपाळ नीट दिसलं असावं. मग त्याने फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझी हनुवटी आणि बाबांची हनुवटी एकच आहे, हे सगळेच म्हणतात.

"अरे देवा," तो म्हणाला आणि घाईघाईने हार काढायला लागला. तो चौकटीला तारेने बांधलेला होता, निघेना. "बाई, आईशप्पथ, मी विचारलं होतं हो."

"तुमची काही चूक नाही," आई म्हणाली. "राहतात कुठे?"

आज सेट नाही, खोलीवरच असतील, असं सांगून त्याने रस्ता दाखवला. तबेल्यामागची चाळ, तिसरी खोली. आमच्या घरापासून तिथवर चालत पंचवीस मिनिटं लागतात. नंतर मी घड्याळ लावून बघितलं आहे.

 वाटेत मीच बोलत होते. बाबा नाही म्हणाले ते फोटो काढून घ्यायला म्हणाले असतील, होय की नाही? हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने काढलाच नसता ना? आई "हं" म्हणाली. मला ते पटलंच होतं. तिलाही पटावं म्हणून मी ते तीनदा सांगितलं.

चाळीत सगळ्यांचा अंदाज होता की दुसरी बाई असणार. मीही येताना तिचा चेहरा मनात तयार करून ठेवला होता. पण खोलीत बाई नव्हती. एक चटई, एक ताट, एक पेला, दोरीवर एक धोतर. बाबा सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसले होते. दुसरी बाई असती तर आईला बरं वाटलं असतं असं मला आज वाटतं. भांडायला कोणीतरी मिळालं असतं.

बाबांनी वर बघितलं. दचकले नाहीत.

"या," ते म्हणाले. पाहुण्यांना म्हणतात तसं. उठून चटई झटकली. "बसा. चहा टाकू?"

आई उभीच राहिली. "तुम्ही त्या म्हाताऱ्यांना बायको नाही म्हणून सांगितलंत."

"हो."

"मूल नाही म्हणून सांगितलंत."

"तसं सांगितल्याशिवाय ते फोटो काढत नाहीत," बाबा म्हणाले. ऑफिसातला नियम समजावून सांगावा तसं शांतपणे. मी आईकडे बघितलं, बघ, मी सांगत नव्हते? तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग बाबांनी मला विचारलं, "कितवीत?"

"पाचवीत."

"अरे वा. मला तिसरी वाटली होती."

आई म्हणाली, "घरी चला."

हे शब्द काढायला तिला किती त्रास झाला ते मला दिसत होतं. कोणापुढे हात पसरायची तिची जात नव्हती. शाळेत हेडमास्तरांनाही ती कधी विनंती करायची नाही, अर्ज द्यायची. "लोकांचं मी बघते," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. मीही विचारणार नाही. नुसते चला."

बाबा पुन्हा तांदळात बघायला लागले होते. एक खडा सापडला तो त्यांनी दाराबाहेर टाकला.

"मला तिथे जमत नव्हतं," ते म्हणाले.

"काय जमत नव्हतं?"

"ते सगळं."

असं म्हणताना त्यांनी हात हवेत फिरवला. हात आईपाशी सुरू झाला आणि सावकाश माझ्यापर्यंत येऊन थांबला. मी एक पाऊल बाजूला सरकले. म्हणजे त्यात येऊ नये म्हणून.

शेजारच्या तबेल्यात म्हैस ओरडत होती. मग आई म्हणाली, "उद्या पुन्हा कोणी विचारलं, घरी बायको आहे का, मूल आहे का, तर काय सांगाल?"

बाबांनी खरंच विचार केला. या माणसाचा एक गुण मला मानावा लागतो, समोरासमोर विचारलं तर तो थाप मारायचा नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं, आईकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नाही म्हणूनच सांगेन."

"बरं," आई म्हणाली. आणि मला, "नमस्कार कर त्यांना."

मी केला नाही. जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही आणि तिने डोळेही वटारले नाहीत. माझा हात धरून ती बाहेर पडली. फाटक बंद होतं, एक मालगाडी चालली होती. ती जाईपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो. मी रडत होते, आणि आपण का रडतोय तेही मला कळत होतं. फोटो काढून मिळावा म्हणूनच बायको-मूल नाही म्हणाले, हे मी आईला तीनदा पटवलं होतं, आणि ते खरं नव्हतं.

चाळीत शिरलो तर सगळ्या बायका ओट्यावर. आम्ही कुठे गेलो होतो ते कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. काकू शेगडीला वारा घालत होती. ती पंखा टाकून उठली.

"गावलो?" तिने विचारलं.

आता आई काय सांगणार म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले. ती चपला काढून, पाय धुऊन, पदराने पुसून मग बोलली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा तिचा आवाज होता, तोच लागला.

"सापडले. चांगले धडधाकट आहेत, फाटकापलीकडे राहतात," ती म्हणाली. "आम्ही दोघी नको आहोत त्यांना."

काकूने पुढे होऊन नुसता तिच्या दंडाला हात लावला, आणि आमची आई उंबऱ्यावर बसून सगळ्यांच्या देखत तोंड उघडं टाकून रडायला लागली.